आपल्या पायरीचा आकडा

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीत. खाली गणपतीच्या मूर्तींचं काम, वर आम्ही राहतो. 2019 ला आणि 2021 ला, दोन्ही वेळा खाली पाणी भरलं. माझ्या सासऱ्यांनी, मामांनी, 2021 च्या पाण्याची खूण भिंतीवर ऑइलपेंटनं मारलीय आणि तिच्या हातभर वर लोखंडी रॅक करून घेतलाय. "ह्याच्यावर पाणी येत नाही," म्हणतात. मी म्हणते, पंचगंगा नदी 39 फुटांवर आली की मूर्ती हलवायला लागू. सगळे मला भित्री म्हणतात. पाणी उतरल्यावर आधी काय करायचं, ह्यावरूनही दोन्ही वेळा घरात भांडणं झाली. बरोबर कोण?
– एक सून, शाहूपुरी

उत्तर : तुम्ही बरोबर आहात. भित्र्या तर अजिबात नाही.

मी शुक्रवार पेठेत राहते, जामदार क्लबच्या अंगाला. आमच्याही भिंतीवर खूण होती, 2005 च्या पुराची. तेव्हा पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर, जिथं तिची पातळी मोजतात तिथं, 50 फुटांच्या आसपास गेली होती. त्या खुणेच्या वर वीतभर अंतर सोडून आम्ही फळी ठोकली आणि घराची कागदपत्रं, माझ्या आईची इरकलं, मुलांचे फोटो असं सगळं त्या फळीवर ठेवून 2019 च्या ऑगस्टमध्ये निश्चिंत बसलो. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. फळीवरची लोखंडी पेटी पाण्यानं उचलली आणि उलटी केली. पेटी उघडली तेव्हा जांभळ्या इरकलाचा रंग खरेदीखताच्या कागदात उतरला होता. तो कागद अजून माझ्याकडं आहे. शिक्का दिसत नाही, जांभळा डाग दिसतो.

मागचं पाणी कुठवर आलं, एवढंच खूण सांगते. पुढचं कुठवर येईल हे तिला माहीत नसतं. मामांना एकच विचारा : 2019 च्या आधी त्यांचा भरवसा कुठल्या खुणेवर होता?

आता तुमच्या 39 बद्दल. बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 ही धोका पातळी. 39 बऱ्याच पावसाळ्यांत होतात. दर वेळी सगळ्या मूर्ती हलवल्या तर तिसऱ्या वर्षी तुमचं कुणी ऐकणार नाही. म्हणून आपल्या पायरीचा आकडा काढा. बंधाऱ्यावर किती फूट असताना तुमच्या गल्लीच्या तोंडाला पाणी लागलं आणि किती असताना पायरीला, हे शेजारच्या जाणत्या माणसांना विचारून वहीत लिहा. तुमच्याकडं पाणी नदीकडून चालत येत नाही, जयंती नाल्यातून उलटं चढतं. त्यामुळं नदी लांब दिसते आणि पाणी मागच्या दारात असतं.

मग उलटा हिशोब करा. मूर्ती किती, टेम्पोत एका खेपेला किती बसतात, उतरवायला माणसं किती, रस्ता कधी बंद होतो. दीड दिवस लागणार असेल, तर पाणी पायरीला लागायच्या दोन दिवस आधी पहिला टेम्पो दारात हवा. शाडूच्या मूर्ती पहिल्या काढा. शाडू भिजला की परत चिखल होतो. प्लास्टरची मूर्ती उभी तरी राहते. 2019 ला पाणी उतरल्यावर मी तुमच्याच गल्लीत आले होते. छातीपर्यंत गाळाचा पट्टा आणि वर कोरा पांढरा चेहरा, अशा मूर्ती ओळीनं उभ्या होत्या. चतुर्थी 2 सप्टेंबरला, पंधरा-वीस दिवसांवर. एक म्हातारे कुंभार ओल्या फडक्यानं एकेका मूर्तीचे डोळे पुसत होते. मला तिथं थांबवेना.

शहरातला पाऊस बघून अंदाज बांधू नका. कोल्हापुरात ऊन असतं आणि गगनबावड्याला, राधानगरीला कोसळत असतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एकेकातून 1428 क्युसेक पाणी पंचगंगेकडं सुटतं. धरण भरलं की ते आपोआप उघडतात. कितवा दरवाजा उघडला, ही बातमी आली की वही काढा. आणि कृष्णा तुडुंब असेल तर नृसिंहवाडीच्या संगमावर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुग मागं येते. अशा वेळी पाऊस थांबला म्हणून पाणी उतरेल असं धरू नका. आम्ही 2019 ला ते इंचाइंचानं उतरताना मोजलंय.

भांडणाचं म्हणाल, तर आधी वीज. मेन स्विचला वायरमन येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मग झाडू मारायच्या आधी फोटो : भिंतीवरची पाण्याची रेघ, मशीन, मूर्ती, माल, सगळ्याचे. पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतं. आमच्या शेजारणीनं लाजेखातर आधी घर लख्ख केलं, मग दाखवायला काही उरलं नाही. त्यानंतर मात्र गाळाला क्षणभरही उसंत देऊ नका. पाणी घोट्याला असतानाच खराट्यानं ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर लोटा. एकदा वाळला की पहारीनं निघत नाही. पायात गमबूट हवेत, सांदीकोपऱ्यात साप असतात. पायाला जखम असेल किंवा नंतर ताप आला, तर पुराच्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका त्यांना यायला हवी. भिजलेलं धान्य आणि गाद्या टाकून द्या. आमची एक कापसाची गादी चौघांना उचलली नाही, कापून बाहेर काढली. भिजलेले कागद उन्हात घालू नका, चिकटलेली पानं ओढू नका. पंख्याखाली, मध्ये टिपकागद घालून वाळवा. हे मला उशिरा कळलं.

भिंतींना रंग घाईनं देऊ नका. आम्ही दिवाळीसाठी दिला, संक्रांतीपर्यंत पोपडे खाली. ओल रेघेच्याही वर हातभर चढते.

मामांचा रॅक काढू नका, चांगला आहे. भट्टीचं सामान, साचे, रंगाचे डबे त्यावर राहू देत. वही मात्र तुम्ही घाला, आणि पहिला आकडा मामांच्या हातानं लिहून घ्या. पाणी पायरीला कधी लागलं, हे त्यांच्याइतकं घरात कुणाला आठवत नसणार.