फोड येतो तेव्हा त्वचा नेमकी कुठे सुटते, तिथून सुरुवात करा

एपिडर्मोलायसिस बुलोझा म्हणजे जरा घासलं तरी त्वचेवर फोड येणारा आनुवंशिक आजार. त्याचे प्रकार आणि त्यांची जनुकं परीक्षेपुरती पाठ होतात, मग विसरतात. हे डोक्यात कसं बसवायचं, असं तुम्ही विचारलंय. मी पॅथॉलॉजी शिकवते. यादी बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर त्वचेचा उभा छेद काढा.

एपिडर्मिसच्या, म्हणजे त्वचेच्या वरच्या थराच्या, तळाशी बेसल पेशी. त्यांचा सांगाडा केराटिन ५ आणि १४ चा. तो कच्चा निघाला की पेशीच फाटते; हा सिम्प्लेक्स. पेशी धड आहे, पण तिला बेसमेंट मेंब्रेनशी, म्हणजे एपिडर्मिसखालच्या पातळ पडद्याशी, धरून ठेवणारं लॅमिनिन ३३२ किंवा कोलॅजन १७ सदोष आहे, तर लॅमिना ल्युसिडात, म्हणजे त्या पडद्याच्या वरच्या थरात, फट पडते, हा जंक्शनल. त्याखाली कोलॅजन ७ चे अँकरिंग फिब्रिल्स, म्हणजे पडद्याला खालच्या डर्मिसशी बांधणारे धागे. ते नसले तर लॅमिना डेन्सासकट, म्हणजे पडद्याच्या खालच्या दाट थरासकट, सगळं वर उचललं जातं, हा डिस्ट्रॉफिक. फट डर्मिसमध्ये पडते, त्यामुळे यात व्रण आणि मिलिया (बारीक पांढऱ्या गाठी) का राहतात, हे मग वेगळं पाठ करावं लागत नाही.

याच चित्रावर आता फोड आणणारे ऑटोइम्यून आजार (शरीराच्या अँटिबॉडी स्वतःच्याच प्रथिनांवर उलटतात ते) मांडा. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. कोलॅजन १७ जन्मतःच सदोष असेल तर जंक्शनल प्रकार होतो. त्याच प्रथिनाविरुद्ध उतारवयात अँटिबॉडी तयार झाल्या तर बुलस पेम्फिगॉइड. कोलॅजन ७ चंही तसंच, तिथे अँटिबॉडीमुळे होणारा आजार म्हणजे एपिडर्मोलायसिस बुलोझा ॲक्विझिटा. बिघाडाची कारणं वेगळी, पण जागा एकच.

बायॉप्सी मात्र ताज्या फोडाचीच हवी. जुन्या फोडाच्या तळाशी नवं एपिथेलियम चढलेलं असतं आणि पातळी चुकते. नुसत्या एच अँड ई (नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर प्रकार ठरवू नका, इम्युनोफ्लुरेसन्स मॅपिंग लागतं, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून कोणतं प्रथिन कुठे आहे ते पाहणं. कोलॅजन ४ लॅमिना डेन्सात असतं, म्हणून त्याचं स्टेनिंग फोडाच्या छतावर दिसलं तर डिस्ट्रॉफिक. तळाशी दिसलं तर सिम्प्लेक्स किंवा जंक्शनल. त्या नमुन्याला फॉर्मॅलिन लागू देऊ नका.

आणि एक केस जरूर वाचा, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली. जर्मनीतल्या सात वर्षांच्या मुलाची बहुतेक एपिडर्मिस गळून पडली होती. त्याच्याच पेशींत निरोगी जनुक घालून त्वचेचे पापुद्रे वाढवले आणि शरीराच्या सुमारे ८० टक्के भागावर बसवले. ते रुजले, मुलगा वाचला. ते जनुक होतं एलएएमबी३, म्हणजे तुम्ही आत्ताच काढलेल्या लॅमिनिन ३३२ च्या तीन साखळ्यांपैकी एकीचं.