पर्वती चढायला सुरुवात करताना

अगं, काल पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्यांवर कुणीतरी तुझ्या वजनाकडे बघून ‘आता सुचलं का?’ म्हणालं आणि तू अर्ध्यातूनच उतरलीस. फार वाईट वाटलं मला. ९४ किलोची होते तेव्हा याच पायऱ्यांवर मीही असं ऐकलंय, आणि त्यापायी चार महिने घरी बसले. ते चार महिने माझेच वाया गेले, बोलणाऱ्याचं काही बिघडलं नाही.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढायचा हट्ट नको. पहिले दोन आठवडे सारसबागेत सपाटीवर चाल. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग पुरे. आठवड्याला १५० मिनिटं भरली पाहिजेत, मग ती दहा-दहा मिनिटांनी का भरेनात. पायऱ्या उतरताना मात्र जप, गुडघे तिथेच दुखावतात. आणि चपला नकोत, बूट घाल.

रोज काट्यावर उभी राहू नकोस. महिन्यातून एकदा टेपने कंबर मोज. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा धरतात. थायरॉइड आणि साखर तपासून घे, पाळी अनियमित असेल तर पीसीओएसबद्दलही (बायकांमधला हार्मोनचा बिघाड) डॉक्टरांना विचार. ‘तोंड आवर’ म्हणणाऱ्याला यातलं काही दिसत नसतं.

तरी स्पष्ट सांगते, वजन वाढण्याचं कारण कळलं म्हणून चालणं सुटत नाही. औषध वेळेवर घेणं, रात्रीचं जेवण साडेदहावरून आठला आणणं, हे तुझं तुलाच करावं लागेल. मला जेवणाची वेळ बदलणंच सगळ्यात जड गेलं. घरच्यांशी भांडावं लागलं.

उद्या सहाला पायथ्याशी थांबते. पंचवीस पायऱ्या चढू, बसू, उतरू.