पाय आतल्या बाजूलाच का मुरगळतो?

प्रश्न : पांडवलेणीच्या पायऱ्या उतरताना माझा पाय दोनदा मुरगळला. दोन्ही वेळा तळवा आतच वळला. असं का? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : घोट्याची रचनाच तशी आहे. पावलाच्या 26 हाडांपैकी सर्वांत वरचं, टॅलस, नडगीच्या दोन हाडांच्या खोबणीत बसतं. ते पुढे रुंद, मागे अरुंद. उतरताना चवडा खाली झुकतो, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. त्यात बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला, म्हणून तळवा बाहेर फारसा वळत नाही. आतला अस्थिबंध (हाडांना हाडं बांधणारा पट्टा) जाड, पंख्यासारखा. बाहेरचे तीन पट्टे त्यामानाने कमजोर. बहुधा त्यांतला पुढचा आधी ताणतो किंवा फाटतो.

पहिले दोन दिवस गरम तेलाने चोळणं नकोच (घरोघरी नेमकं तेच होतं!), सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उशीवर. चार पावलंही टाकता आली नाहीत किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखली, तर एक्स-रे काढा. दुखणं थांबल्यावर रोज एका पायावर 30 सेकंद उभं राहा. तोल सुधारला नाही तर तिसऱ्यांदा मुरगळेल.