शिकताना गाडी एकदाही बंद पडली नव्हती, इथेच माझे चुकले

आपण लिहिले आहे की परवाना मिळून सात महिने झाले, गाडी दारात उभी आहे, परंतु सोलापूरच्या सात रस्ता चौकात सिग्नल हिरवा झाला की ती बंद पडते, मागून हॉर्न सुरू होतात, आणि आसरा चौकाजवळच्या रेल्वे पुलाचा चढ टाळण्यासाठी आपण रोज लांबचा वळसा घेता. हे वाचताना मला माझीच सहा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. तो वळसासुद्धा तोच. गिअर, आरसे, इंडिकेटर हे आपल्याला येत असणारच, म्हणून त्याविषयी काही लिहीत नाही. मी प्रशिक्षक नाही, केवळ वयाच्या ४२व्या वर्षी उशिरा शिकलेली एक शिक्षिका आहे, तेव्हा पुढचे सारे स्वानुभवाचे बोल समजावेत.

प्रशिक्षण वर्गाच्या गाडीत शिकत असताना गाडी आपल्या हातून किती वेळा बंद पडली होती, हे आधी आठवून पाहावे. माझ्या हातून ती एकदाही बंद पडली नव्हती, आणि याचा मला तेव्हा अभिमान वाटत असे. खरा प्रकार असा होता की त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते. तशी दुहेरी व्यवस्था नियमानेच आवश्यक आहे आणि सुरक्षेसाठी ती योग्यही आहे. परंतु आमचे गुरुजी अपघात टाळण्यापुरता तिचा वापर न करता पूर्ण वेळ क्लचवर पाय ठेवून बसत. मधूनच माझ्या पायाखालचे पेडल आपोआप खाली जाई, आणि गाडी जुनी असल्यामुळे तसे होत असेल, असा माझा समज होता. म्हणजे स्टिअरिंग मी धरत होते आणि क्लच ते सांभाळत होते. माझा डावा पाय काहीच शिकला नाही.

यापेक्षा मोठी चूक मात्र माझी स्वतःची होती. हलक्या वाहनासाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे, आणि त्या तासांची नोंद नमुना १५च्या नोंदवहीत ठेवावी लागते. आम्ही चौघे एका गाडीत बसत असू आणि प्रत्येकाच्या वाट्याला बारा मिनिटे येत. २१ दिवसांचे मिळून जेमतेम चार तास. शेवटच्या दिवशी नोंदवही पुढे करण्यात आली आणि सगळ्या रकान्यांत मी एकदम सह्या करून टाकल्या, कारण शाळेत जायची घाई होती आणि वाद घालणे मला बरे वाटेना. महिन्याभराने उरलेले तास मागायला गेले, तेव्हा तीच वही उघडून ‘बाई, सही कोणाची आहे?’ एवढेच विचारले गेले. मला उत्तर देता आले नाही. पुढे घरच्या गाडीवर मी क्लच अर्धवट दाबून जी कसरत केली, तिच्यामुळे आठ महिन्यांत क्लच प्लेट जळाली आणि साडेनऊ हजार रुपये गेले. नावे घेण्यात आता अर्थ नाही, पण न चालवलेल्या तासांवर सही करू नये, हे मी भेटेल त्याला सांगते.

सगळेच वर्ग तसे नसतात, हेही मान्य करायला हवे. तरीही तेथे पुन्हा शुल्क भरण्याआधी आपल्याच गाडीवर सराव करावा, असे माझे आग्रही मत आहे, कारण क्लच कोठे पकडतो हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. माझा भाचा शेजारी बसत असे आणि सुटीच्या दिवशी सकाळी आम्ही अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत जात असू. त्याने पहिले दोन दिवस मला ॲक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाकून क्लच इतक्या सावकाश सोडायचा की इंजिनाचा आवाज किंचित जड झालेला ऐकू यावा आणि बसल्या जागी थरथर जाणवावी. तेथे क्षणभर थांबायचे, गाडी सरकू लागली की पुन्हा क्लच दाबायचा. चाळीस-पन्नास वेळा हे केल्यावर ती जागा पायाला आपोआप सापडू लागते. गाडी बंद पडली तर पडू द्यावी, त्यासाठीच तेथे जायचे. पातळ तळव्याची पादत्राणे घालावीत. जाड टाचेच्या चपलेत पायाला काही कळत नाही.

पुलाच्या चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी तोलून धरण्याची विद्या अनेक जण कौतुकाने शिकवतात, ती मला मुळीच मान्य नाही. क्लच प्लेट तेथेच जळते. हँडब्रेक ओढून ठेवावा, क्लच पकडल्याची थरथर जाणवली की थोडी रेस द्यावी आणि मगच हँडब्रेक सोडावा. आपल्या गाडीत बटणाचा हँडब्रेक असेल तर तिची पुस्तिका आधी वाचावी, त्याचा मला अनुभव नाही.

सिग्नलला गाडी बंद पडलीच, तर न्यूट्रल शोधत बसू नये. ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबून, गाडी पहिल्या गिअरमध्येच असल्याची खात्री करून चालू करावी; तीन-चार सेकंदांचे काम आहे. मागच्या हॉर्नचे म्हणाल, तर सोलापुरात सिग्नल लाल असतानाही तो वाजतच असतो. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा मात्र होम मैदानाच्या आसपास गाडी घेऊन जाऊ नका; मी अजूनही त्या दिवसांत रिक्षानेच जाते.