आरटीपीसीआरमध्ये सीटी व्हॅल्यू १७ आलीय, ताप फक्त ९९ आहे, म्हणजे कोविड पुढे सिरियस होणार का?

नाही, नुसत्या सीटीवरून ते सांगता येत नाही. सीटी म्हणजे मशीनला व्हायरस दिसायला किती सायकल (कॉपी दुप्पट करायच्या फेऱ्या) लागल्या तो आकडा, त्यामुळे आकडा जितका कमी तितका त्या स्वॅबमध्ये व्हायरस जास्त, साधारण ३.३ सायकलचा फरक म्हणजे दहापट. पण हा लोड, म्हणजे व्हायरसचं प्रमाण, लक्षणं सुरू होतात त्याच्या आसपासच सगळ्यात जास्त असतो, माइल्डवाल्यांचाही, आणि दम लागणं वगैरे त्रास बहुतेक दुसऱ्या आठवड्यात होतो, तेव्हा नाकातला व्हायरस उलट उतरलेला असतो आणि फुफ्फुसात शरीराच्याच प्रतिकाराने सूज वाढवलेली असते. म्हणून आयसीयूतल्या पेशंटची सीटी ३० आणि घरी चहा पीत बसलेल्याची १७ असं सर्रास दिसतं. त्यात स्वॅब नीट घेतला का, कुठलं किट, कितव्या दिवशी टेस्ट, यानेही आकडा हलतो. आयसीएमआरनेही (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) सीटीवर ट्रीटमेंट ठरवू नका असंच सांगितलं होतं (भारतात ३५ पर्यंत पॉझिटिव्ह धरायचे, २०२१ मध्ये महाराष्ट्राने ते २४ वर आणता येईल का विचारलं तर तेही नको म्हणाले). हां, अ‍ॅडमिट पेशंटच्या मोठ्या गटांत जास्त लोड आणि जास्त मृत्यू असा संबंध काही अभ्यासांत दिसलाय, पण तो गटाचा हिशोब, एकट्या माणसाचं भविष्य नाही. तुम्ही ऑक्सिमीटर बघा, ९४ च्या खाली गेलं किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टर. वय जास्त, शुगर किंवा किमो चालू असेल तर आजच फोन करा.