सही केली म्हणजे हक्क संपला का? सिन्नरच्या ताईंना उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात असं की ७१ वर्षांचे आण्णा बाथरूममध्ये पडले, तीन आठवड्यांनी पाय ओढायला लागले, सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुनं रक्त साठलेलं दिसलं, नाशिकला भोक पाडून ते काढलं. दुसऱ्या रात्री ११ ला उलटी झाली, आण्णा हाकेला ओ देईनात, सिस्टर म्हणाल्या भुलीची गुंगी आहे, झोपू द्या. सीटी झाला सकाळी ६ ला, परत ऑपरेशन, आणि आता उजवा हातपाय आणि बोलणं दोन्ही गेलं. याला १७ महिने झाले. फाईल मागितली तर आधी उरलेलं बिल भरा म्हणतात, आणि भाऊ म्हणतो पोलीस केस ठोकू नाहीतर काचा फोडू.

आधी भावाला आवरा. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, हॉस्पिटलमध्ये तोडफोड केली तर अजामीनपात्र गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. आपली चांगली केस अशीच वाया जाते, मी बघितलंय.

आता कडू बोलतो. ऑपरेशननंतर पेशंट खालावला म्हणजे डॉक्टर चुकला असं कोर्ट धरत नाही. या आजारात रक्त परत साठणं हा माहितीतला धोका आहे, साधारण दहात एक-दोघांना होतो, आणि ऑपरेशनआधी तुम्ही सही केलेल्या संमतीच्या फॉर्मवर तो छापलेला असणार. हॉस्पिटलचा वकील पहिल्याच तारखेला तेच दाखवणार. दाखवू द्या. धोका माहीत होता तर रात्री लक्ष जास्त ठेवायला हवं होतं ना? तुमची केस ऑपरेशनची नाहीच, ११ ते ६ या सात तासांची आहे. सही धोक्याला असते, निष्काळजीपणाला नसते.

म्हणून फाईल हवीच. साधा अर्ज लिहा, रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, बिल बाकी आहे हे कारण चालत नाही. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी येऊ नका. नर्सिंग नोट्स मागा, डॉक्टरांच्या ऑर्डरचा कागद मागा, आणि जीसीएस चार्ट मागा, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे त्याचे ३ ते १५ मधले आकडे, १५ म्हणजे पूर्ण शुद्धीत. १५ चा आकडा रात्रीत उतरत गेला आणि डॉक्टरांना फोन केल्याची नोंदच नाही, तर अर्धी केस तिथेच. आकडे रात्रभर एकसारखे आणि एकाच शाईत दिसले तरी मला दाखवा, मागाहून एकदम लिहिलेले असू शकतात 🙂 सीटीची सीडी पण घ्या, फोटोवरच वेळ छापलेली असते, ती सहजासहजी खोडता येत नाही. त्या रात्री तुम्ही भावाला केलेले फोन आणि व्हॉट्सॲप मेसेज डिलीट करू नका, तुमचे ११ तिथूनच सिद्ध होतील. आणि हे रेकॉर्ड हॉस्पिटलला ३ वर्षंच ठेवावं लागतं, तेव्हा उशीर नको.

पोलिसांचं म्हणाल तर जेकब मॅथ्यू केसमध्ये २००५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, फौजदारीसाठी चूक अगदी ढोबळ लागते आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं, मत घ्यावं लागतं. त्यात वर्षं जातील आणि आण्णांच्या फिजिओथेरपीला एक रुपया मिळणार नाही. मेडिकल कौन्सिल लायसन्सवर कारवाई करू शकतं, पैसे तिथेही नाहीत.

पैसे ग्राहक आयोगात. मुदत २ वर्षं, म्हणजे तुमच्या हातात ७ महिने. तुम्ही ४ लाख २० हजार भरलेत, आयोग भरलेली रक्कम बघतो, ती ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, भरपाई तुम्ही त्याहून जास्त मागू शकता. नाशिकच्या जिल्हा आयोगातच दाखल होईल.

एक अडचण खरी आहे, गावातला न्यूरोसर्जन गावातल्याविरुद्ध लिहून देत नाही. प्रत्येक केसला तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० ला म्हटलंय, पण मेंदूच्या बाबतीत मी त्यावर विसंबणार नाही. फाईल हातात आली की मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला रात्री १२ ला सीटी झाला असता तरी हेच झालं असतं, तर मी तुम्हाला केस करू नका असंच सांगेन.

अर्ज या आठवड्यात टाका.