आठवीच्या रकान्यातलं शून्य

"मॅडम, शाळा बंद पडणार म्हणत्यात. लेकीला काढू काय?"

माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या, बेळगावातल्या वडगावच्या ताई (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत) खुर्चीत टेकायच्या आधीच हे बोलल्या. नवरा यंत्रमागावर, लेक सरकारी मराठी शाळेत पाचवी पास झालेली. कोल्हापूरच्या दिरांनी शाळेच्या पटसंख्येचा तक्ता मोबाईलवर पाठवला होता. सोबत लिहिलं होतं : पट घसरलाय, आठवीत एकही पोर नाही, खुल्या प्रवर्गात जवळपास कुणीच नाही, म्हणजे आपल्या मराठा समाजातले सगळे गेले.

ताईंना आठवडाभर झोप नव्हती. नुसता धीर देऊन ही भीती जाणार नव्हती, म्हणून आम्ही तो तक्ताच वाचायला घेतला.

"तुमच्या शाळेत आठवी आहे?"

"नाही, सातवीपर्यंतच की."

मग आठवीत मुलं दिसतील कुठून? यूडायस म्हणजे देशभरातल्या शाळांची सरकारी नोंद; तिच्या तक्त्यात सहावी ते आठवी हा एकच उच्च प्राथमिक टप्पा धरतात. कर्नाटकात मात्र बऱ्याच सरकारी शाळा सातवीला संपतात आणि हायस्कूल आठवीपासून सुरू होतं. ताई त्या शून्याकडे बघत राहिल्या आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसल्या.

प्रवर्गाचंही तसंच. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गाच्या ३-ब प्रवर्गात येतो, म्हणून इथली मराठा मुलं ओबीसीच्या रकान्यात असू शकतात. कोल्हापूरहून बघणाऱ्याला हे कसं कळावं? दिरांचा हेतू वाईट नव्हता, हे मी ताईंना आवर्जून सांगितलं. शिवाय कुठल्या समाजाची किती मुलं आहेत, यावरून वर्गात शिकवणं कसं चालतं ते कळत नाही.

एकूण पटाचं मात्र मी झाकलं नाही. २०२२-२३ पासून यूडायसमध्ये एकेका मुलाची स्वतंत्र नोंद होऊ लागली, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी थेट तुलना करता येत नाही. पण त्यानंतरच्या वर्षांतही पहिलीची संख्या कमीच होत होती. ती घट खरी होती. म्हणून तक्ता तिरका वाचला : आदल्या वर्षीची चौथी, पुढच्या वर्षीची पाचवी. लेकीची तुकडी जवळजवळ तेवढीच टिकून होती. वर्ग लहान असला की टक्केवारी उगाच घाबरवते. समजा वीसच मुलं असली, तर दोघं गेली तरी दहा टक्के घट दिसते.

"मग मी विचारू तरी काय?" ताईंनी विचारलं. मला हाच प्रश्न हवा होता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावीपासून दर वर्गाला किमान एक शिक्षक हवा, पस्तीस मुलांमागे एक हवा आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना शिकवणारे हवेत. एकूण शिक्षक किती, एवढ्यावरून गणिताची जागा भरलीय की रिकामी आहे ते कळत नाही. ते शाळेत जाऊन विचारायचं.

लेक इतका वेळ गप्प होती. तिला विचारल्यावर म्हणाली, "माझी मैत्रीण इंग्लिश मीडियमला चाललीय." घरात आठवडाभर आकड्यांवर बोलणं चाललं होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. उरलेला वेळ मी तिलाच दिला.

जूनमध्ये ताईंचा फोन आला. गणिताला अतिथी शिक्षक आलेत, पण कायमचा शिक्षक हवा म्हणून एसडीएमसीतल्या (शाळा विकास आणि देखरेख समितीतल्या) पालकांनी बीईओ ऑफिसला, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, अर्ज दिलाय. लेक सातवीपर्यंत तिथंच राहणार, आणि रविवारी मैत्रिणीकडे खेळायला जाते.